नोकरी अबू धाबीला, घर म्हार्दोळला: गावी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का आणि सांभाळावी कशी?

परदेशस्थ_म्हार्दोळकर

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे अबू धाबीत नोकरी करतो आणि त्यांतली शेवटची दोन वर्षे इलेक्ट्रिक गाडी चालवतो. इमारतीच्या तळघरात चार्जर आहे आणि रस्ते सपाट आहेत, त्यामुळे गाडी कशी जपावी याचा विचार करण्याची वेळ तिथे कधी आली नाही. आमचे मूळ घर फोंडा तालुक्यात म्हार्दोळला आहे. चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) जुने घर, पुढे अंगण, बाजूला माडांचे भाट, म्हणजे बाग, आणि घरात सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. बाबांच्या पेट्रोल गाडीला पंधरा वर्षे होत आली असून तिची नोंदणी पुढे वाढवण्यापेक्षा नवी गाडी घ्यावी, असे घरात चालले आहे. पैसे मी देणार आहे आणि माझा कल अर्थातच इलेक्ट्रिक गाडीकडे आहे.

अडचण अशी की मी वर्षातून दोनदाच येतो, चवथीला (गणेशचतुर्थीला) तीन आठवडे आणि मे महिन्यात दोन. एरवी गाडी बाबांच्या हाती असेल, पण पावसाळ्यात ते फारसे बाहेर पडत नाहीत, आणि थंडीत दोघेही महिना-दीड महिना बेळगावला बहिणीकडे असतात. अशी गाडी बंद राहिल्यास बॅटरीचे काय होते? आमच्या घराची वायरिंग चाळीस वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर चार्जिंग चालेल का? गाडी माझ्या नावावर घ्यावी की बाबांच्या? आणि चोर्ला घाटाने बेळगावला जाऊन येणे कितपत शक्य आहे? अबू धाबीतली गाडीच गावी आणता येईल का, असेही एकदा मनात आले होते, म्हणून तेही विचारून ठेवतो. गोव्यात प्रत्यक्ष गाडी वापरणाऱ्यांनी, विशेषतः परदेशात राहून गावी गाडी ठेवणाऱ्यांनी, अनुभव सांगावा ही विनंती.

चिरेबंदी

मी फोंडा आणि तिसवाडी भागात घरगुती वीजजोडणीची कामे करतो, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गाडी कोणती घ्यावी हे ठरवण्याआधी घराचे अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणारी जोडणी, तपासून घ्या. गाडीसोबत मिळणारा चार्जर वीज सुरू करण्यापूर्वी अर्थिंग आहे की नाही हे स्वतः पाहतो आणि ते नीट नसेल तर लाल दिवा लावून थांबतो. गाडी नवी, चार्जर नवा, आणि तरी चार्जिंग होत नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी दोष जमिनीतला निघालेला आहे.

आपल्याकडे जमीन चिऱ्याची आहे. चिरा पावसात पाणी धरतो, पण एप्रिल-मे महिन्यांत वरचा थर इतका कोरडा पडतो की तीच अर्थिंगची नळी, जी ऑगस्टमध्ये उत्तम काम करत होती, मे महिन्यात जवळजवळ निरुपयोगी ठरते. जुन्या घरांत तर लोखंडी नळीभोवती मीठ आणि कोळसा भरलेला असतो. मिठाने ओल टिकते हे खरे असले तरी काही वर्षांत तेच मीठ नळीला खाऊन टाकते. तुमच्या घरी चाळीस वर्षांपूर्वीची नळी असेल तर तिचा भरवसा धरू नका. तांब्याचा मुलामा दिलेली तीन मीटरची कांब घालावी, भोवती बेंटोनाइट मातीचे मिश्रण भरावे, आणि जागा निवडताना न्हाणीचे पाणी ज्या माडाच्या आळ्यात सोडलेले असते त्याच्या आसपासची निवडावी, म्हणजे कडक उन्हाळ्यातही तिथे ओल राहते. हे काम मे महिन्यात करून घ्या, कारण जे मे महिन्यात टिकेल ते वर्षभर टिकेल. काम झाल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्यावा. तो तीन व्होल्टच्या आत असला तर मला समाधान वाटते.

आता वायर. फ्रीज किंवा मिक्सर काही काळ चालतो आणि थांबतो, पण गाडी सोळा अँपियरच्या जोडणीवरून सलग आठ-दहा तास वीज ओढते. जुन्या वायरचे सांधे एवढ्या काळात तापतात आणि प्लगचे तोंड वितळते. म्हणून मीटरपासून अंगणापर्यंत दुसरे काहीही न जोडलेली स्वतंत्र तांब्याची वायर आणावी. सोळा अँपियरसाठी ४ चौरस मिलिमीटरची चालते, मात्र पुढे मोठा चार्जर बसवण्याचा विचार असेल तर आताच ६ ची टाकून ठेवावी. तिच्यावर वेगळा एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा), ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागल्यास ती तोडणारा) आणि विजेच्या कडकडाटापासून वाचवणारे सर्ज संरक्षक यंत्र हवेच. ऑक्टोबरच्या संध्याकाळी आकाश भरून आले की मी माझ्या ग्राहकांना गाडीचा प्लग काढून ठेवायला सांगतो. ज्या पॉइंटमध्ये प्लग लावायचा तो पक्क्या छपराखाली असावा. इन्व्हर्टरवर गाडी कधीही लावू नये.

मोठा, म्हणजे ७.२ किलोवॅटचा चार्जर तुम्हाला लागेल असे मला वाटत नाही. म्हार्दोळहून पणजीला जाऊन येण्यास पंचेचाळीस किलोमीटर धरले तर सहा-सात युनिट खर्च होतात, आणि ती भर ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरने दोन-सव्वादोन तासांत निघते. मोठ्या चार्जरसाठी वीज खात्याकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल आणि घरात पंप व एसी असल्यास कदाचित थ्री-फेज मीटरही घ्यावा लागेल. ज्यांच्या घरी दोन गाड्या आहेत किंवा ज्यांना रोज दीडशे किलोमीटर फिरावे लागते त्यांनी तो खर्च करावा.

मांडवीतीर

मी सतरा वर्षे इंग्लंडमध्ये होते आणि आता वर्षातले सात महिने पणजीत व पाच महिने मुलाकडे लंडनला असते. माझी इलेक्ट्रिक गाडी त्या पाच महिन्यांत रायबंदरच्या घरी उभी असते, त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न मला अगदी जवळचा वाटला.

पहिल्या वर्षी मी परत आले तेव्हा गाडीचे दारसुद्धा उघडेना. गाडी पळवणारी मोठी बॅटरी संपली असावी या कल्पनेने मी घाबरले होते; प्रत्यक्षात ती जवळजवळ होती तेवढीच भरलेली होती आणि मेली होती ती बारा व्होल्टची लहान बॅटरी. कुलपे, समोरचे स्क्रीन, गाडीचा संगणक आणि मोबाइल ॲपशी सतत बोलत राहणारे यंत्र ही सगळी मंडळी या लहान बॅटरीवर जगतात, आणि साधारणपणे गाडी सुरू असताना किंवा चार्जिंगला लावलेली असतानाच मोठी बॅटरी तिला भरत असते. गाडी चालूच झाली नाही तर महिन्या-दीड महिन्यात ती बसते. तेव्हापासून मी शेजारच्या मुलाला दर दहा-बारा दिवसांनी गाडी अर्धा तास फिरवून आणायला सांगून ठेवले आहे. तुमच्याकडे बाबा आहेतच. पावसात बाहेर जायचे नसेल तर गाडी अंगणातच तासभर चालू स्थितीत ठेवली तरी लहान बॅटरी भरते, मात्र चाके फिरली तर ब्रेकलाही बरे. ते बेळगावला असतील त्या दिवसांपुरती लहान बॅटरीची ऋण बाजू सोडवून ठेवता येते, पण आपल्या गाडीत तसे करायला उत्पादकाची परवानगी आहे का, आणि नंतर दार किल्लीने कसे उघडायचे, हे पुस्तिकेत वाचून ठेवावे.

मोठ्या बॅटरीविषयी इतकेच सांगते की ती शंभर टक्के भरून किंवा पार रिकामी करून महिनोन्महिने ठेवू नये. पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवून जावे. ज्या गाड्यांत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असते त्यांना मधूनमधून पूर्ण भरण्याची शिफारस उत्पादक करतात, कारण त्या रसायनात मधल्या टप्प्यात व्होल्टेज फारसे बदलत नाही आणि उरलेल्या चार्जचा गाडीचा अंदाज चुकू लागतो. पण ते भरणे वापराच्या दिवसांतले, गाडी टाकून जाण्याच्या आदल्या दिवशीचे नव्हे.

गोव्याच्या हवेने जो त्रास दिला तो मला कोणी आधी सांगितला नव्हता. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना मोटारीनेच वीज परत मिळवते, म्हणून ब्रेकच्या तबकड्यांना काम कमी पडते, आणि खाऱ्या दमट हवेत त्या लवकर गंजतात. आठवड्यातून एखाद्या वेळी रिकाम्या रस्त्यावर दोन-चारदा ब्रेक पायाने नीट दाबावा, तबकड्या घासून स्वच्छ होतात. गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता चाकांना चिऱ्याचे तुकडे लावणे मला बरे वाटते, कारण चार महिन्यांच्या पावसात ब्रेक चिकटून बसतो. ज्या गाडीत हा ब्रेक विजेवर चालतो त्यांनी पुस्तिकेत पाहावे. प्लास्टिकचे आवरण घालू नये, आत बुरशी येते. आणि उंदीर! नारिंगी रंगाची जाड वायर कुरतडलेली दिसली तर स्वतः हात न लावता सरळ सेवा केंद्राला बोलवावे, ती शेकडो व्होल्टची असते.

आणखी एक गोष्ट माझ्याकडून चुकली होती. मी लंडनला असताना विम्याची मुदत संपली, नूतनीकरणाचा ओटीपी माझ्या बंद पडलेल्या भारतीय नंबरवर जात राहिला, आणि नव्वद दिवस उलटल्यामुळे चार वर्षांचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. भारतीय सिम कार्ड जिवंत ठेवा. गाडीचे ॲप, चार्जिंगचे ॲप, फास्टॅग, विमा यांतले जवळजवळ काहीच त्याच्याशिवाय नीट चालत नाही.

कुळागर

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. परदेशात राहणाऱ्या माणसाने केवळ सुट्टीतल्या पाच आठवड्यांसाठी गावी पंधरा-वीस लाखांची गाडी ठेवू नये. मोपाच्या विमानतळावर उतरल्याबरोबर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, म्हणजे कायदेशीर परवान्याची, भाड्याची गाडी मिळते, आणि पाच आठवड्यांचे भाडे एका वर्षाच्या विम्यात व घसाऱ्यात सहज बसते. ओळखीच्या माणसाची खाजगी गाडी पैसे देऊन घेऊ नका, अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. तेव्हा आधी हे ठरवा की गाडी खरोखर कोणासाठी घेत आहात.

परदेशस्थ_म्हार्दोळकर

कुळागर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो मी पहिल्याच वेळी स्पष्ट करायला हवा होता. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला आठवड्यातून दोनदा पणजीला व्यायामोपचारासाठी न्यावे लागते, आणि तपासणीसाठी मधूनमधून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात). प्रत्येक वेळी टॅक्सीवाल्याची मनधरणी करताना बाबांना संकोच वाटतो. जुन्या गाडीचा क्लच दाबून त्यांचाही पाय आता दुखतो. म्हणजे गाडी मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. माझे पाच आठवडे त्यात आले तर आले. चिरेबंदी आणि मांडवीतीर यांचे मनापासून आभार. घाटाविषयी आणि कागदपत्रांविषयी कोणी सांगू शकेल का?

जांबोटीमार्गे

माझी सासुरवाडी बेळगावची आणि घर गोव्यातल्या साखळी गावचे, त्यामुळे चोर्ला घाट माझ्या गाडीला पाठ झाला आहे. आकडे मांडून सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या गाडीला लावून पाहता येतील.

चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन अठराशे किलो समजा. समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटर उंच नेण्यास लागणारी ऊर्जा काढली तर ती चार युनिटच्या आसपास येते, आणि मोटारीतली गळती धरून साडेचार. बॅटरी चाळीस युनिटची असेल तर घाट चढण्याची किंमत एवढीच आहे. चढताना पडद्यावरचा आकडा भराभर उतरतो आणि नवखा माणूस घाबरतो, पण वर पोचल्यावर पुढे जांबोटीपर्यंत आणि तिथून बेळगावपर्यंत मोठे चढ नाहीत व तोच आकडा स्थिर होतो. पणजी ते बेळगाव हे अंतर चोर्लामार्गे ११० किलोमीटरच्या आसपास आहे. युनिटला साडेसहा किलोमीटर धरले तर सतरा युनिट, त्यात घाटाचे साडेचार, म्हणजे बावीस युनिटमध्ये तुम्ही बहिणीच्या दारात. परतताना उतारावर त्या चारांपैकी अडीचेक युनिट परत मिळतात आणि खर्च चौदा-पंधरावर येतो. एका दमात जाऊन येण्याचा हट्ट केला तर छत्तीस-सदतीस युनिट लागतील, आणि धुक्यात किंवा दरड पडल्यामुळे वळसा पडल्यास ते कमी पडू शकतात. त्यापेक्षा बहिणीच्या घरी अर्थिंग तपासून एक सोळा अँपियरचा पॉइंट करून घ्या. रात्रभरात चिंता मिटते.

बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतारावर वीज परत घेतली जात नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो, हे तुम्ही ऐकले असेल. ते खरे आहे, पण बेळगावहून निघाल्यावर घाटमाथा येईपर्यंत पन्नासेक किलोमीटर पठारावरच जातात आणि तेवढ्यात बॅटरीत सात-आठ युनिटची जागा होते, म्हणून या रस्त्यावर पूर्ण भरून निघायला हरकत नाही. ज्यांचा मुक्काम चोर्ल्यातच आहे त्यांनी मात्र ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबावे.

पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट खुला आहे का हे विचारून घ्या. रस्त्यावर पाणी साचलेले असेल तर, बॅटरीला पाणी आत न शिरण्याचे आयपी-६७ मानांकन आहे या भरवशावर गाडी पाण्यात घालू नका. ती चाचणी एक मीटर स्थिर पाण्यात अर्ध्या तासाची असते. वाहत्या ओढ्याने गाडी ढकलली जाण्याशी तिचा संबंध नाही. आणि अंगणात उभी गाडी पुराच्या पाण्यात बुडालीच, तर ती सुरू न करता आणि चार्जिंगला न लावता उचलूनच न्यावी.

दाखला

कागदपत्रांविषयी लिहितो. माझा मुलगा दोह्याला आहे आणि आमच्याकडे हाच प्रश्न आला होता.

गाडी बाबांच्या नावावर घ्या. मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर वडिलांना कर लागत नाही, आणि नोंदणी, विमा, दुरुस्तीचा दावा, उद्या विक्री, या प्रत्येक ठिकाणी सही करणारा माणूस गोव्यातच असतो. तुमच्या नावावर असेल तर विकण्याच्या वेळी तुम्हाला यावे लागेल किंवा मुखत्यारपत्र करून द्यावे लागेल. नोंदणीच्या वेळी नामनिर्देशनही करता येते, तिथे तुमचे किंवा आईचे नाव घालावे. विमा गाडीचा असतो, त्यामुळे वैध परवाना असलेला कोणीही ती चालवू शकतो. मात्र तुमचा आणि बाबांचा दोघांचाही परवाना आज पाहून घ्या. पंचावन्न वर्षांनंतर तो एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो, त्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो, आणि मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे कार्ड असलेल्या) मंडळींनाही इथल्या पत्त्याच्या पुराव्यावर भारतीय परवाना मिळतो.

किंमत दहा लाखांच्या वर असेल तर विक्रेता एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) घेतो. तो वेगळा खर्च नव्हे, ज्याच्या पॅनवर तो जमा होतो त्याला विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. बाबा विवरणपत्र भरत नसतील तर त्या वर्षी मुद्दाम भरावे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे, थर्ड-पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट असते आणि धुराच्या तपासणीचा दाखला लागत नाही. कर्जाच्या व्याजावर मिळणारी आयकराच्या कलम ८०ईईबीची सवलत मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती, ती हिशेबात धरू नका.

तिकडची गाडी आणण्याचा विचार सोडून द्या. आखातातल्या गाडीचे चाक डावीकडे असते आणि आपल्या आयात धोरणात उजव्या बाजूच्या चाकाची अट आहे. शिवाय जुन्या गाडीवरचे आयात शुल्क इतके जड आहे की त्या पैशांत इथे नवी गाडी येईल. तिथला प्लगमध्ये लावायचा चार्जरही आणू नका. त्याची पिन ब्रिटिश पद्धतीची असते, आणि ॲडॉप्टर लावून दहा तास चार्जिंग करणे म्हणजे आगीला निमंत्रण. सार्वजनिक चार्जरवर पैसे भरण्याची तुमची सोय आहे: अमिरातीतल्या मोबाइल नंबरवरही एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून यूपीआय चालते.

एक सूचना वयाच्या अधिकाराने करतो. तुम्ही तिथे रस्त्याच्या उजवीकडून चालवता. आल्यावर पहिले दोन दिवस बाबांना चालवू द्या आणि तुम्ही बाजूला बसा.

परदेशस्थ_म्हार्दोळकर

काल बाबांनी गावातल्या वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घेतला. तो एकोणीस व्होल्ट भरला. वायरमन म्हणाला की जुन्या नळीचा वरचा वीतभर भाग सोडला तर खाली काही उरलेलेच नाही. म्हणजे एवढी वर्षे आईचे वॉशिंग मशीन आणि गीझर विनाअर्थिंग चालत होते, हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. गाडी येवो न येवो, हे काम याच आठवड्यात होईल. गाडी बाबांच्या नावावर, चाळीस युनिटच्या आसपासच्या बॅटरीची, आणि साध्या चार्जरवर चालवायची, एवढे आता ठरले. शोरूममधली गाडी बाबांनी कुंडईपर्यंत चालवून पाहिली आणि क्लच नसल्याचे त्यांना फार बरे वाटले. चिरेबंदी, न्हाणीचे आळे घराच्या भिंतीला लागूनच आहे, तिथे खड्डा चालेल का?

चिरेबंदी

भिंतीपासून निदान दीड मीटर अंतर सोडा, आणि आळ्याच्या पलीकडच्या कडेला, माडाची मुळे टाळून खणा. खड्ड्यावर झाकण असलेली लहान टाकी बांधून घ्या म्हणजे दर मे महिन्यात सांधा तपासता येईल आणि गरज पडल्यास घागरभर पाणी ओतता येईल. तोवर गीझर बंद ठेवायला सांगा.